पहिली ट्रेल निवडताना: जिथे थांबता येतं तिथून सुरुवात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सायकल नवी आहे, डांबरी रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर आरामात होतात, पण मातीत कधी चालवलेली नाही. जवळच्या पार्कात माउंटन बाइकच्या ट्रेल्स, म्हणजे सायकलसाठी आखलेल्या मातीच्या वाटा आहेत. नकाशावर दोन हिरव्या (सोप्या), दोन निळ्या (मधल्या), एक काळी (अवघड), आणि टेकडीला वळसा घालून खाली उतरणारा एक रुंद खडीचा रस्ता. सुरुवात त्या रुंद रस्त्यावर करावी असं तुम्हाला वाटतं, कारण तो ‘सेफ’ दिसतो. शिवाय दहा वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचं आहे.

रुंद रस्त्यावर सुरुवात करू नका. चढायला हवा तर घ्या, उतरायला नको. दोन हिरव्यांपैकी जी छोटी आहे ती निवडा. आणि सायकल चालवायच्या आधी एक दिवस ती वाट नुसती चालत पुरी करा.

यातलं पहिलं वाक्य जवळजवळ सगळ्यांना उलटं वाटतं. अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच वर आलेली मुळं हे बघून छातीत धस्स होतं. आणि दोन गाड्या शेजारून जातील असा रस्ता बघून जीव भांड्यात पडतो. मी गेली बरीच वर्षं नवख्यांना ट्रेलवर घेऊन जातो. त्यांच्या वाईट पडण्याच्या ज्या घटना मला आठवतात, त्यातल्या बऱ्याचशा याच ‘सेफ’ रस्त्यांवरच्या आहेत. माझं स्वतःचं मनगट मोडलं तेही अशाच एका रस्त्यावर. काळ्या ट्रेलवरून धडधाकट खाली आलो होतो, आता काय उरलंय म्हणून ब्रेक सोडून दिले, आणि शेवटच्या वळणावर खडीवरून पुढचं चाक सरकलं. पडताना हात टेकला. सहा आठवडे प्लास्टर.

कारण साधं आहे. रुंद रस्ता गाड्यांसाठी बांधलेला असतो. तो सरळसोट उतरतो, वळणं लांबलचक घेतो, आणि वाटेत तुम्हाला हळू करणारं काहीही नसतं. वेग वाढतोय हे कळतसुद्धा नाही, कारण झाडं लांब असतात आणि डोळ्यांना वेग जाणवतो तो जवळून मागे सरकणाऱ्या गोष्टींमुळे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. त्यात मोकळी खडी म्हणजे टायरखाली पसरलेल्या गोट्या. अरुंद ट्रेलवर तुम्ही ताशी दहा-बारा किलोमीटरने पडता आणि कपडे झटकून उठता. रुंद रस्त्यावर पडायची वेळ येते तेव्हा वेग तिशी ओलांडून गेलेला असतो.

गंमत म्हणजे हा खेळ रुजला तोच अशा रुंद कच्च्या रस्त्यावर. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमध्ये १९७६ साली काही मित्रांनी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरातल्या एका रस्त्यावर उतरायच्या शर्यती सुरू केल्या. उतार सुमारे ४०० मीटरचा. त्या सायकलींना ब्रेक एकच, मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातला, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि प्रत्येक वेळी नव्याने भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरण्यावरूनच त्या उताराला ‘रीपॅक’ हे नाव पडलं. रुंद रस्ता ब्रेकचं काय करतो, हे त्या नावातच आहे.

आता नकाशावरच्या रंगांकडे वळू. हिरवी म्हणजे सोपी एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, पण सोपी म्हणजे नेमकं काय हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने, म्हणजे इम्बाने, बर्फावरच्या स्कीइंगच्या खुणा ट्रेल्ससाठी घेतल्या. पांढरं वर्तुळ सर्वांत सोपं, मग हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि शेवटी दोन काळे हिरे. हिरव्या वर्तुळाची त्यांची मापं अशी: वाट किमान ३६ इंच रुंद, पृष्ठभाग घट्ट, सरासरी चढ-उतार ५ टक्क्यांच्या आत (म्हणजे शंभर मीटर जाताना पाच मीटर वर किंवा खाली), कुठल्याही एका ठिकाणी जास्तीत जास्त १५ टक्के, आणि टाळता न येणारे अडथळे २ इंचांपेक्षा उंच नाहीत. निळ्या चौकोनात रुंदी २४ इंचांवर येते, सरासरी १० टक्क्यांपर्यंत जाते आणि टाळता न येणारा अडथळा ८ इंचांचा असू शकतो. २ इंच म्हणजे तीन बोटं आडवी धरली तर जेवढी उंची होते साधारण तेवढं. ८ इंच म्हणजे पुरी वीत. हिरवी आणि निळी यांच्यामधली दरी केवढी आहे ते यावरून लक्षात येईल.

या मापांमधले दोन शब्द नीट वाचा. एक ‘सरासरी’. पाच टक्के सरासरीच्या ट्रेलवर दहा-पंधरा मीटरचा एक तुकडा पंधरा टक्क्यांचा असू शकतो, आणि पहिल्या दिवशी तुमची फजिती व्हायची तर तिथेच होईल. दुसरा ‘टाळता न येणारे’. हिरव्या ट्रेलवरही गुडघ्याएवढा दगड असू शकतो, फक्त त्याच्या बाजूने जायला जागा ठेवलेली असते. ती जागा वेळेवर दिसली नाही तर हिरव्या रंगाचा काही उपयोग नाही.

आणि रंग सगळीकडे एकाच मापाचे नसतात. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा असा क्रम आहे. तिथला निळा आणि अमेरिकेतला निळा एकच समजू नका. शिवाय ज्या पार्कात सगळंच खडकाळ आहे तिथली ‘हिरवी’ ही त्या पार्कापुरती हिरवी असते. म्हणून मी नवख्या माणसाला रंग बघून पाठवत नाही. मी एकच गोष्ट बघतो: या वाटेवर त्याला हवं तिथे थांबता येईल का? नवशिक्याची ट्रेल सपाटच असली पाहिजे असं नाही, रुंदही नको. पुढचं दिसलं पाहिजे आणि मनात आलं की पाय टेकता आला पाहिजे. ज्याला थांबता येतं त्याची भीती हळूहळू आपोआप जाते. ज्याला थांबता येत नाही तो भीतीने आखडतो, आखडला की सायकल दगडावरून उसळते, आणि मग त्याची भीती खरी ठरते.

चालत जायचं ते यासाठी. ज्या दिशेने सायकल चालवायची आहे त्याच दिशेने चाला. बऱ्याच ट्रेल्स एकदिशा असतात, सुरुवातीच्या पाटीवर बाण असतो; नियमासाठी तर तो पाळायचाच, शिवाय उलटं चालून पाहिलेली वाट ओळखू येत नाही. जाताना बाजूबाजूने चाला आणि मागून सायकल आली तर वाट सोडा. दर थोड्या अंतरावर थांबून स्वतःला विचारा, इथे थांबायचं झालं तर मी कुठला पाय कुठे टेकीन? डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या वाटेवर एका बाजूला चढ असतो आणि दुसऱ्या बाजूला उतार. पाय नेहमी चढाच्या बाजूला टेकायचा. उताराच्या बाजूला जमीन तुमच्या अंदाजापेक्षा खाली असते. पाय तिला शोधत जातो आणि मागोमाग तुम्ही, वर सायकल. मी हे प्रत्येकाला सांगतो, आणि तरी दर वेळी कुणीतरी हळुवार, जणू सिनेमा संथ केल्यासारखा, झुडपात आडवा होतो. लागत फारसं नाही. पण डौल जातो.

चालताना ट्रेल कशी बांधली आहे तेही कळतं, आणि मला विचाराल तर पाटीवरच्या रंगापेक्षा ते जास्त सांगून जातं. चांगली वाट उताराला आडवी जाते. बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: वाटेचा चढ हा त्या डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. बाजूचा उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. यापेक्षा तीव्र वाट काढली की पावसाचं पाणी तिला ओढा समजून तिच्यातूनच वाहतं, माती धुऊन नेतं, आणि मागे उरतात ती उघडी पडलेली मुळं आणि सुटे दगड. म्हणजे नकाशा छापताना हिरवी असलेली ट्रेल चार पावसाळ्यांनंतर हिरवी राहिलेली नसते. पाटी मात्र तशीच. मध्येच खोल घळ पडलेली दिसली, किंवा वाट थेट टेकडीच्या नाकावरून खाली कोसळताना दिसली, तर तो तुकडा पहिले काही दिवस उतरून, सायकल ढकलत जायचा.

उलट चांगल्या ट्रेलवर तुम्हाला दर थोड्या अंतराने एक छोटासा उलटा चढ भेटेल. उतरताय, उतरताय, आणि एकदम चार-पाच मीटर वाट वर जाते, मग पुन्हा खाली. तो पाण्यासाठी केलेला असतो: पाणी तिथे अडतं आणि वाटेबाहेर निघून जातं. पण नवख्या माणसासाठी ती देणगी आहे. तिथे सायकल आपोआप मंदावते, श्वास घेता येतो, आणि ब्रेकवर घट्ट आवळलेली बोटं सैल होतात. तुमच्या दोन हिरव्यांपैकी कुठली घ्यावी असा प्रश्न असेल तर असे उलटे चढ जिच्यावर जास्त आहेत ती. लांबी साधारण सारखीच असेल तर.

एवढं झाल्यावर सायकल. पार्कात शिरल्या शिरल्या ट्रेलवर जाऊ नका. आधी गवताचा किंवा मातीचा थोडा उतरता तुकडा शोधा आणि वीस मिनिटं फक्त थांबायचा सराव करा. रस्त्यावरून येणाऱ्या बहुतेकांना पुढच्या ब्रेकचं भय असतं. लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा दाबला की डोक्यावर आपटशील. त्यामुळे ते उतारावर सगळा भार मागच्या ब्रेकवर टाकतात. उतारावर वजन पुढे सरकलेलं असतं, मागचं चाक हलकं झालेलं असतं. ते लॉक होतं आणि घसरत जातं. वेग मात्र होता तेवढाच. थांबवायचं बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो. डोक्यावरून आपटतो तो माणूस ब्रेक झटक्यात दाबणारा, हात ताठ, गुडघे ताठ. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, एकेका बोटाने, लिंबू पिळावं तसे हळूहळू दाबत न्या. त्याच वेळी कंबर मागे आणि थोडी खाली, टाचा खाली. आखलेल्या रेषेवर पुढचं चाक थांबवता येईपर्यंत हे करा. मग थोडा वेग वाढवून पुन्हा. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर एक बोट पुरतं, आणि बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी राहतात. दोन बोटांनीही पुरत नसेल तर बोटांची ताकद वाढवायच्या मागे लागू नका, ब्रेक तपासा.

मग उभं राहणं. ट्रेलवर उतरताना सीटवर बसायचं नाही. पेडलं जमिनीला समांतर, घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखी. गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं जरा बाहेर काढलेली, कमरेतून पुढे झुकलेलं शरीर. सगळं वजन पायांवर; हात नुसते दिशेला. पेडलं समांतर ठेवायचं कारण असं की एक पेडल खाली राहिलं तर ते मुळावर आपटतं, आणि हा धक्का अगदी बेसावध क्षणी बसतो. सीट रस्त्यावर ठेवता त्यापेक्षा पाच-सात सेंटीमीटर खाली करा, नाहीतर मागे सरकायला जागाच उरत नाही. ड्रॉपर पोस्ट असेल, म्हणजे हँडलवरच्या कळीने सीट खाली जायची सोय, तर पहिल्याच दिवसापासून वापरा. मी स्वतः ती कित्येक वर्षं चैन समजत होतो. चूक होती.

नजर कुठे असावी याबद्दल सगळे सांगतात, ‘पुढे बघा’. किती पुढे? ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त. पुढच्या चाकाच्या मीटरभर पुढचा दगड तुम्हाला दिसला तेव्हा त्याच्यापर्यंत पोचायला पाव सेकंदही उरलेला नसतो. डोळे, मेंदू आणि हात यांचं काम तेवढ्यात आटोपत नाही. त्या वेगाला निदान आठ-दहा मीटर पुढे बघायला हवं. आणि ज्या दगडाला टाळायचं आहे त्याच्याकडे टक लावून बघितलं की चाक हटकून त्याच्यावरच जातं. हे अनुभवाशिवाय कुणालाही पटत नाही. दगडाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघा.

वळणाचा भाग मी मुद्दाम सावकाश सांगतो, कारण नवख्यांची बरीचशी पडझड इथली. ब्रेकचं काम वळणाच्या आधी संपवा. वळणात ब्रेक दाबला की टायरची पकड थांबवणं आणि वळवणं अशा दोन कामांत विभागली जाते आणि सुट्या मातीवर दोन्हींना पुरत नाही. वेग वळणाला पुरेसा कमी करून आत शिरा, ब्रेक सोडा, वळणाच्या शेवटाकडे बघा. सपाट वळणावर बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि वजन त्याच्यावर. सायकल आत झुकू द्या, तुम्ही तिच्याइतके झुकू नका. मातीचा बांध घालून बाहेरची कड उचललेलं वळण असेल, ज्याला बर्म म्हणतात, तर मात्र पेडलं समांतरच ठेवायची, कारण तिथे बांध तुम्हाला धरून ठेवतो. उतारावरच्या अगदी आखूड वळणांना लाजायचं कारण नाही. पाय टेका, सायकल फिरवा, पुढे जा.

मुळं. काटकोनात ओलांडलेलं मूळ म्हणजे नुसता धक्का. तिरपं ओलांडलेलं मूळ चाकाला रुळासारखं बाजूला नेतं. म्हणून आधी दिशा सरळ करा, ब्रेक मोकळे सोडा, शरीर सैल ठेवा आणि जाऊ द्या. मुळावर असताना ब्रेक नको. ओली मुळं साबणासारखी असतात. पावसानंतरच्या दिवशी तीच ट्रेल एक रंग वर गेली असं समजा.

चढावर दोनच गोष्टी. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी हलका करा, जोर लावलेला असताना चेनला कडकड आवाज करत बदलायला लावू नका. आणि उठून पेडल मारू नका. सीटच्या पुढच्या टोकाशी सरका, छाती हँडलकडे न्या, मागचं चाक जमिनीला धरून राहील. मध्येच थांबलात तर तिथूनच निघायचा हट्ट नको. जरा सपाट जागेपर्यंत ढकलत न्या. ढकलताना दिसण्यात कमीपणा आहे असं फक्त नवख्यांनाच वाटतं.

टायरच्या हवेवर एक परिच्छेद खर्च करतो, कारण रस्त्यावरची सवय इथे सगळ्यात जास्त आड येते. टायर दगडासारखा टणक असला म्हणजे सायकल हलकी पळते, हे डांबरावर. मातीत टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि पकड सोडतो. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते. तेवढी हवा भरायला सांगितलेली नसते. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाने सव्वादोन-अडीच इंची टायरला, आत ट्यूब असेल तर २६ ते ३० पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी, ट्यूबलेस असेल तर २२ ते २५. मागच्यात पुढच्यापेक्षा एक-दोन जास्त. तिथून एकेक पीएसआय कमी-जास्त करत आपला आकडा शोधायचा. ट्यूब असताना फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, प्रेशर गेज घ्या.

बाकी सामान फार लागत नाही. डोक्याला नीट बसणारं हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, बंद बूट, जमलं तर गुडघ्याचे पॅड. पेडलं साधी सपाट. बूट अडकवायची क्लिपची पेडलं रस्त्यावर वापरत असाल तरी इथे सुरुवातीला काढून ठेवा, पाय झटकन टेकता आला पाहिजे हा सगळा मुद्दाच त्यात बुडतो. एक ट्यूब, पंप, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायची पट्टी), पाणी. फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी सोय, हवं का असंही बरेच जण विचारतात. हिरव्या ट्रेलला पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल पुरून उरते.

पार्कात पंप ट्रॅक असेल तर तो मुलांचा खेळ म्हणून सोडू नका. लाटांसारखे उंचवटे आणि दोन्ही टोकांना बर्म, बस एवढंच असतं. पेडल न मारता लाटेच्या उतारावर सायकल पायांनी खाली दाबायची आणि चढावर अंग हलकं करायचं. त्यावरच वेग टिकवायचा. ट्रेलवर हातपाय कसे सैल ठेवायचे हे शब्दांत सांगून समजत नाही, तिथे अर्ध्या तासात समजतं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील.

वाटेवरचे नियम थोडे आहेत पण वाद त्यावरूनच होतात. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना सायकलवाल्याने वाट द्यायची. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. ट्रेल फक्त सायकलींची किंवा एकदिशा असेल आणि पाटीवर वेगळं लिहिलं असेल तर पाटी खरी. घंटी लावा, मागून आलेल्या ‘बाजूला व्हा’ या ओरडण्याने माणूस दचकून नेमका तुमच्याच बाजूला होतो. जमीन ओली असेल आणि मागे टायरची खोल रेघ उमटत असेल तर परत फिरा, कारण ती रेघ वाळून घट्ट होते आणि पुढच्या नवख्याचं चाक त्यात अडकतं. मध्येच एखादं डबकं लागलं तर मधूनच जा. प्रत्येक जण कडेने गेला की अरुंद वाटेची महिन्याभरात रुंद चिखलवाट होते. चाक लॉक करून घसरवण्यानेही तेच नुकसान होतं.

पहिल्या दिवशी पार्कातल्या सगळ्या ट्रेल्स बघायचा मोह होतो. मी एकच छोटी फेरी चार-पाच वेळा करायला लावतो. पहिल्या फेरीत माणूस नुसता निभावून नेतो, दुसरीत वाट आठवू लागते, तिसरीत ब्रेक कमी लागतात हे त्याचं त्यालाच कळतं. वेगवेगळ्या पाच ट्रेल्सवर पाच वेळा निभावून नेण्यात यातलं काही होत नाही. आणि ‘एक शेवटची’ असं म्हणून केलेली फेरी करूच नका. दमलेल्या पायांनी माणूस नकळत सीटवर बसतो, बसला की सायकल त्याला उडवते. माझ्या मनगटाची गोष्टही तशाच एका शेवटच्या फेरीची.

निळीवर कधी जायचं? हिरवी फेरी पाय न टेकता सलग दोनदा झाली, उतारावर बोलता येतंय इतका श्वास ताब्यात आहे, आणि ठरवलेल्या झाडाशी, उतारावर, न घसरता थांबता येतंय. हे तिन्ही एकाच दिवशी. कुणाला हे तिसऱ्या वेळी जमतं, कुणाला दहाव्या. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई माझ्याकडे शिकायला आल्या होत्या, त्यांनी दोन महिने हिरवी सोडली नाही. त्यांच्यानंतर आलेले तरणेताठे दुसऱ्या आठवड्यात निळीवर गेले. पुढे त्या काळ्यावरही उतरल्या, आणि त्या तरुणांपैकी दोघंच अजून सायकल चालवतात. निळीवर जातानाही आधी चालतच जा.

आता मुलगी. न्या, जरूर न्या. आधी तिच्या सायकलचे ब्रेक बघा: लहान हातांना ब्रेकची पट्टी बऱ्याचदा पोचतच नाही. बहुतेक पट्ट्यांना ती हँडलच्या जवळ आणणारा एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून घ्या, आणि एका बोटाने नाही तर दोन बोटांनी तरी तिला चाक पूर्ण रोखता येतं का पाहा. येत नसेल तर त्या सायकलवर उतार नको. सपाटीला आणि चढावर तिला पुढे ठेवा, म्हणजे वेग तिचा राहील. उतारावर तुम्ही पुढे, सावकाश, तुमच्या मागच्या चाकाची वाट तिने धरायची. सोबत आणखी कुणी मोठं असेल तर ते तिच्या मागे. मागून ‘हळू, हळू’ असं ओरडू नका. ती ऐकायला मागे वळून बघेल आणि वाट सोडेल. काय करायचं ते थांबून सांगा, चालत्या सायकलवर नाही.

चालत पाहायच्या दिवशीच तिलाही सोबत घ्या आणि थांबायच्या जागा शोधायचं काम तिच्यावर सोपवा. मुलांची उंची कमी असल्यामुळे त्यांना पुढचं आपल्यापेक्षा कमी दिसतं. एखाद्या वळणापाशी ‘इथे मला पुढचं काहीच दिसत नाही’ असं ती म्हणाली तर तिच्या शेजारी उकिडवे बसून बघा. ती जागा पहिल्या दिवशी दोघांनीही उतरून, सायकल हातात धरून पार करा.